सोनेरी पाकिटातलं हशर

तोलिब-अकांच्या अंगणात त्या मार्चमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि माणसं नेमकी अंगणच पाहायला येत होती.

मर्गिलानात घर घ्यायला आलेला माणूस आधी खोल्या मोजत नाही. फाटकातून आत येतो, अंगणाच्या मधोमध उभा राहतो आणि वर मांडवाकडे पाहतो. मांडवावर द्राक्षवेल असेल तर पुढचं बोलणं. तोलिब-अकांचा मांडव बोडका होता. थंडीपासून जपायला नोव्हेंबरात पुरलेल्या वेली अजून मातीखालीच झोपल्या होत्या. भिंतीच्या कडेने तीन लांबट ढिगारे, कोपऱ्यात अंजिराचा गोल ढिगारा, आणि त्याच्या शेजारी आणखी एक. तो कशाचा, हे तोलिब-अकांना काही केल्या आठवत नव्हतं. पाटात डिसेंबरातली पानं कुजून काळी पडली होती.

"दोमला, राग मानू नका," दलाल फोनवर म्हणाला, "पण तुमचं अंगण कबरस्तानासारखं दिसतं. कालचा माणूस आत आला आणि फातिहा म्हणायला लागला."

"खरंच?"

"अहो, गंमत केली! पण गेला तो गेलाच ना? आता रविवारी दहाला तिसरं गिऱ्हाईक येतंय, अंदिजानचं. तोपर्यंत वेली तरी उघडा."

शाळेचं ग्रंथालय चौतीस वर्षं सांभाळल्यामुळे तोलिब-अकांना सगळा मोहल्ला दोमला, म्हणजे गुरुजी, म्हणे. पुस्तकांत त्यांना कोणतं पान कुठे आहे ते अंधारातही सापडे. अंगणात मात्र त्यांचा सगळा कारभार बायकोच्या, सालोमतच्या, हाती होता. आणि सालोमत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून चिरचिकला लेकीकडे होती. नोदिराला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला होता. चाळीस दिवसांसाठी गेलेली आजी चार महिने झाले तरी तिथेच. लेकीच्या समोरच दोन खोल्यांचं एक लहानसं घर विकायला होतं. घरमालकीण म्हातारी होती, तिने शब्द दिला होता: नवरोझपर्यंत थांबते, पुढे नाही. नवरोझ दोन आठवड्यांवर आला होता. मर्गिलानचं घर विकलं नाही तर चिरचिकचं मिळणार नव्हतं, आणि मग सालोमत तिकडे लेकीच्या बैठकीत आणि तोलिब-अका इकडे पाच ढिगाऱ्यांच्या सोबतीला. सवयीने ते अजूनही दोन पेल्यांत चहा ओतत आणि मग दोन्ही स्वतःच पीत.

संध्याकाळी सालोमतचा फोन आला. पडद्यावर आधी नातवाचं पाऊल दिसलं, मग तिचं कपाळ.

"अहो, उघडल्या का वेली?"

"एक उघडायला घेतली."

"मग?"

"कुदळ लागली तिला. थोडी साल गेली."

"अल्ला! ठेवा ती कुदळ खाली. कशाला म्हणून हात लावू नका. शनिवारी हशर बोलवा. मस्तुराला माहीत आहे कुठे काय पुरलंय, आम्ही दोघींनीच पुरलंय."

"हशर..." तोलिब-अका म्हणाले.

"हो, हशर. अकरा दारं वाजवायची आणि म्हणायचं, शनिवारी कुदळी घेऊन या, पुलाव आमच्याकडे. एवढंच तर बोलायचंय!"

"तू मस्तुराला फोन केलास तर?"

"नवरा घरात बसलेला असताना मी चिरचिकमधून हशर बोलवू? लोक म्हणतील, जाताना दोमलांची जीभसुद्धा सामानात बांधून घेऊन गेली."

दुसऱ्यांच्या हशरला तोलिब-अका नेहमी सगळ्यांत आधी हजर असत. कुणाची भिंत घालायची असो की कुणाचं छत लिंपायचं असो, ते मुकाट चिखल तुडवत, विटा देत, चहाचे पेले विसळत. पण स्वतःच्या घरचं हशर त्यांनी कधीच बोलावलं नव्हतं. कुणाकडे काही मागायचं म्हटलं की त्यांचे पाय मागे वळत. बाजारात कलिंगडवाला जे हातात देईल ते कलिंगड घेऊन ते घरी येत.

गुरुवारी सकाळी ते शेजारच्या मस्तुरा-ओपांच्या दारापर्यंत गेले. हात वर केला. आत मस्तुरा-ओपा नवऱ्याला काहीतरी खणखणीत आवाजात ऐकवत होत्या. आपण मध्येच गेलो तर बरं दिसणार नाही, असं ठरवून ते परतले. मग नान-रोट्या भाजणाऱ्या योल्दोशच्या दाराशी गेले. तिथे गिऱ्हाइकं होती. मग घरी आले, आणि दार लावल्याबरोबर त्यांना एकदम सुचलं. बोलता येत नाही, पण लिहिता तर येतं!

त्यांनी कागद घेतला. पहिला मसुदा असा होता: 'शनिवारी सकाळी वेली उघडायच्या आहेत. येताना कुदळ आणावी.' वाचून त्यांनाच लाज वाटली. एखादा ठेकेदार मजुरांना निरोप धाडतो तसं ते झालं होतं. कुदळीचं वाक्य खोडलं. मग वेलींचं. मग जे उरलं त्याला थोडी शोभा आणली. शेवटी पक्का मजकूर झाला तो असा: 'परम आदरणीय शेजारी, येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आपण सहकुटुंब आमच्या गरिबाघरी पायधूळ झाडावी, ही नम्र विनंती. आपला, तोलिब.' बाकी सगळ्यांना कळतंच, अंगणाची दशा काय कुणापासून लपलीय, असं त्यांनी मनाला समजावलं.

सुवाच्य अक्षरात अकरा प्रती झाल्या. पाकिटं शोधताना कपाटात नोदिराच्या लग्नातली सोनेरी काठाची नेमकी अकरा सापडली. दुपारी गल्ली निजली असताना त्यांनी एकेक पाकीट एकेका दाराच्या फटीत सारलं आणि चोरी करून आल्यासारखे घरी येऊन बसले.

मर्गिलानात दाराच्या फटीतून सोनेरी पाकीट फक्त एकाच कारणासाठी येतं, हे तोलिब-अकांना माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच.

शनिवारी ते पहाटेच उठले. रबरी बूट चढवले, कोपरावर फाटलेला कोट घातला, दोन मोठ्या किटल्या चहा ठेवला, कुदळ घेऊन अंगणात उभे राहिले. नऊ वाजता फाटक वाजलं.

दारात मस्तुरा-ओपा होत्या. अंगावर अतलसचा नवा करकरीत रेशमी झगा, कानांत सोन्याचे झुबे, हातात रुमालात बांधलेलं मिठाईचं ताट. त्यांच्या मागे त्यांचा नवरा, डोक्यावर रंगवलेला लाकडी पाळणा घेऊन.

"मुबारक, दोमला, मुबारक!" त्या फाटकातूनच ओरडल्या. "नातवाचा पाळणा, आणि आम्हाला चिठ्ठीने कळवता? सालोमत कुठाय? आत पीठ मळतेय की काय?"

त्यांच्या मागोमाग योल्दोश आला, तीळ लावलेल्या नान-रोट्यांच्या दोन टोपल्या घेऊन, मखमली टोपी घालून. मग मोहल्ल्याचे वडीलधारे एरगाश-ओता आले. पट्ट्यापट्ट्यांचा नवा चापान, कमरेला रेशमी रुमाल, दाढीला अत्तर. मग बाकीची आठ घरं, मखमली झगे, ताटं, रजया, कुणाच्या तरी काखेत डफ. अंगण बघता बघता रंगांनी भरून गेलं. आणि मग सगळ्यांची नजर रबरी बुटांवर आणि कुदळीवर पडली.

"हे काय, दोमला?" एरगाश-ओतांनी विचारलं.

"हशर होतं," तोलिब-अका इतक्या हळू म्हणाले की ते फक्त पाळण्यालाच ऐकू गेलं असावं.

"काय होतं?"

"हशर. वेली उघडायच्या होत्या. उद्या गिऱ्हाईक येतंय."

"मग चिठ्ठीत तसं का नाही लिहिलं?"

"लिहिलं होतं. मग खोडलं."

"का?"

"उद्धट वाटलं."

तोलिब-अकांना वाटलं, सहावा ढिगारा आपलाच असता तर बरं झालं असतं. मग कुठूनतरी गुरगुरल्यासारखा आवाज आला. एरगाश-ओता हसत होते. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता ते पाळण्याला धरून उभे राहिले, आणि मग सगळं अंगण हसायला लागलं.

"सोनेरी पाकिटातलं हशर!" मस्तुरा-ओपा डोळे पुसत म्हणाल्या. "आणि मी काल रात्रभर केसांना मेंदी लावून बसले होते!"

"माझी बायको तर म्हणाली, जुळं झालं असेल," योल्दोश म्हणाला. "एकाच नातवासाठी इतकं जड पाकीट कोण देतं?"

"आम्ही कपडे बदलून येतो," कुणीतरी म्हणालं.

"बदलून आलात की दुपार होईल, आणि मातीला तुमच्या कपड्यांशी काय देणंघेणं!" एरगाश-ओतांनी चापानच्या बाह्या वर सारल्या. "आणा ती कुदळ इकडे."

"पण पुलाव..." तोलिब-अका चाचरले. पुलावाची आठवण त्यांना आत्ताच झाली होती; पाळण्याला आलेल्या माणसांना नुसता चहा? "मी गाजरंसुद्धा आणलेली नाहीत."

"आणायची कशाला? ती काय, तुमच्या पायाखाली!" मस्तुरा-ओपांनी अंजिराच्या शेजारच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं.

"ही गाजरं?"

"मग काय वाटलं? चाळीस किलो, वाळूत, आम्हीच पुरलीत. दोमला, मी तुम्हाला अख्खा हिवाळा बाजारातून गाजरांची पिशवी आणताना बघत होते. मला वाटलं, घरची संपवायची नसतील!"

त्यानंतर तोलिब-अकांना विचार करायला वेळच मिळाला नाही. डोक्याचे रुमाल आवळले गेले, झगे गुडघ्यांपर्यंत बांधले गेले. योल्दोशने घरून तांदूळ आणले, कुणी चरबी, कुणी कढई. मस्तुरा-ओपा ढिगाऱ्यावर पाय रोवून सेनापतीसारख्या हुकूम देऊ लागल्या: "इथे कुदळ नाही, हातांनी! ह्या बाजूला तिचं डोकं आहे. हळू, झोपलेल्या सासूला उठवायचंय असं समजा."

माती बाजूला झाली आणि वेल दिसली. दमट, तपकिरी, मुडपलेली, आणि गाठीगाठींवर फुगलेले डोळे. तोलिब-अका वाकून पाहत राहिले. इतकी वर्षं त्यांनी मांडवावरची द्राक्षं खाल्ली होती, पण वेल मातीतून बाहेर येताना कधी पाहिलीच नव्हती. त्या वेळी ते चहा करत असत.

"बघत काय बसलात, धरा!" मस्तुरा-ओपा म्हणाल्या. सहा माणसं, रेशमात आणि मखमलीत, एकेक वेल खांद्यांवर घेऊन मांडवाकडे चालली. एरगाश-ओतांच्या सुनेने मागून डफ वाजवायला सुरुवात केली. पाळण्यासाठी बसवलेली गाणी वेलींना म्हटली गेली. झाडांच्या बुंध्यांना चुना लावताना अर्धा चुना योल्दोशच्या टोपीवर गेला. पाटातून उपसलेल्या काळ्या पानांचा ढीग बरोबर फाटकासमोर पडला. अंजीर उठवायची वेळ आली तेव्हा तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं यावर दोन मतं पडली, म्हणून मस्तुरा-ओपांनी सालोमतला फोन लावला आणि तो एका नान-रोटीला टेकवून ठेवून दिला, म्हणजे तिने बघावं आणि बोलावं.

अंगण अगदी वाईट अवस्थेत असताना, म्हणजे खड्डे मोकळे, माती सगळीकडे, एक वेल अर्धी वर अर्धी खाली, अशा वेळी फाटक पुन्हा वाजलं.

चाळिशीतली एक बाई होती. साधा कोट, स्वच्छ बूट.

"माफ करा," ती म्हणाली, "ह्या गल्लीत माणसं राहतात ना? मी सात दारं वाजवली. एकाही घरात कुणी नाही."

"सगळी इथेच आहेत," तोलिब-अका म्हणाले. "या, या, आत या. पानांवरून पाय जपून." कुणाची तरी पाहुणी असावी. दारात आलेल्या माणसाला चहाच्या आधी नाव विचारायची रीत नव्हती. त्यांनी तिला अंगणातल्या मोठ्या लाकडी बाजेवर बसवलं. चहा हातात पडतो न पडतो तोच मस्तुरा-ओपांनी तिच्यापुढे सुरी आणि गाजरांचा ढीग ठेवला.

"रिकाम्या बसू नका, बहीण. काड्या कापा, चौकोन नकोत. पुलाव आहे, सूप नाही."

ती हसली आणि कापायला लागली. पटापट, एकसारख्या काड्या.

"वेल कुठली?" तिने तोलिब-अकांना विचारलं.

"काळी किश्मिश. गोड आहे. पण ती तिसरी, भिंतीकडची, दर ऑगस्टात भुरीने आजारी पडते. गंधक धुरळावं लागतं. मला येत नाही ते, आमच्या मंडळींना येतं."

"आणि पाणी?"

"पाट मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. शुक्रवारी वरची माणसं पाटाचं दार उघडायला विसरतात. मग ओरडून सांगावं लागतं."

"आणि दोमला ओरडत नाहीत!" योल्दोश मांडवावरूनच म्हणाला. "टोमॅटो वाळून जातात, पण हे माझ्या दारापर्यंत येतात आणि परत जातात. मला पडद्यावर ह्यांची सावली दिसते. मी वाट बघतो, आता वाजवतील, आता वाजवतील..."

"शेजारी कसे आहेत?" बाईने विचारलं.

तोलिब-अकांनी किटली खाली ठेवली. खोटं बोलणं त्यांना मागण्याइतकंच अवघड जाई.

"मस्तुरा-ओपा फार मोठ्याने बोलतात," ते म्हणाले. "भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं, नवऱ्याचं उत्तर सोडून. योल्दोशच्या तंदूरचा धूर पहाटे थेट आमच्या खिडकीत येतो. एरगाश-ओता एक गोष्ट तीनदा सांगतात, आणि तिसऱ्यांदा ती वेगळीच असते." एकेक करून कुदळी थांबल्या होत्या, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. "मी चार महिने एकटा आहे. रोज संध्याकाळी दाराशी काहीतरी झाकून ठेवलेलं असतं. कधी सूप, कधी वाफवलेले मांतू. कुणाचं ते कळत नाही. मी वाडगा धुऊन फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवतो, सकाळी तो तिथे नसतो. चार महिन्यांत एकही वाडगा चुकीच्या घरी गेला नाही, आणि मला मात्र अजून एकदाही कुणाचे आभार मानता आले नाहीत."

मग त्यांनी वर पाहिलं. अख्खं अंगण त्यांच्याकडे बघत होतं.

"आवाज मोठा आहे म्हणे माझा!" मस्तुरा-ओपा म्हणाल्या, पण आज तो तितकासा मोठा नव्हता.

बाईने सुरी खाली ठेवली. हात पुसले.

"मी मुयस्सर," ती म्हणाली. "उद्या दहाला येणार होते. अंदिजानहून."

योल्दोशच्या हातातली सुतळी सुटली आणि वेल एका बाजूने घसरली. तोलिब-अकांना आपण काय काय बोललो ते ओळीने आठवायला लागलं: भुरी, पाट, धूर. ते खड्ड्यांकडे, चुन्याच्या डागांकडे, फाटकासमोरच्या काळ्या ढिगाकडे बघू लागले.

"उद्या..." ते म्हणाले, "उद्या हे असं नसेल. झाडून, पाणी शिंपडून, सगळं जागच्या जागी... उद्या या ना तुम्ही."

"उद्या मला घर बघायचं होतं. आज मी गुपचूप शेजाऱ्यांकडे चौकशी करायला आले होते, सगळे करतात तशी." तिने मस्तुरा-ओपांच्या बाहीकडे पाहिलं. "मी अतलस विणते. इथल्या कारखान्यात माग मिळालाय. पंधरा वर्षं रेशीम विणतेय, पण ते घालून कुदळ मारणारी माणसं आज पहिल्यांदा बघितली. जीव वर-खाली होतोय माझा. ओपा, त्या बाहीवरचा चुना ओला असतानाच झटका, नाहीतर रंग जाईल."

मस्तुरा-ओपांनी घाईघाईने बाही झटकली.

"माझे वडील सोबत असतील," मुयस्सर म्हणाली. "मी दिवसभर मागावर, ते एकटे. त्यांच्या दाराशी कुणी वाडगा ठेवेल का, एवढंच मला विचारायचं होतं. ते आता विचारायची गरज राहिली नाही. घर मला हवंय, दोमला. भुरीसकट."

तोलिब-अका बाजेच्या कडेवर बसले. डोळ्यांसमोर आधी दोन खोल्यांचं ते लहानसं घर आलं, मग नातवाचं पाऊल. त्यांनी मुयस्सरचा पेला पुन्हा चहाने भरला.

"फक्त एक अडचण आहे," मुयस्सर मांडवाकडे बघत म्हणाली. "नोव्हेंबरात ह्या पुन्हा पुरायच्या. मला इथे कुणी ओळखत नाही. मी कुणाला बोलावू?"

"त्याची काळजी नको," तोलिब-अका पटकन म्हणाले. "मी येईन चिरचिकहून. चिठ्ठ्या लिहून देतो..."

"नको!" अकराही घरं एकदम ओरडली.

"तोंडाने, दोमला, तोंडाने!" एरगाश-ओता म्हणाले. "आत्ता. माणसं समोर आहेत. दारं वाजवायचे कष्टसुद्धा नाहीत."

तोलिब-अका उठले. बाजेवर चढले, कारण खाली उभं राहून आपला आवाज पोचणार नाही अशी त्यांना शंका होती. बुटांचा चिखल रजईला लागला, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. समोर चुन्याने माखलेलं रेशीम होतं, मातीने भरलेल्या दाढ्या होत्या, अर्धी चढलेली वेल होती. कढईत गाजरं चरचरत होती.

"नोव्हेंबरात," ते म्हणाले. आवाज चिरका आला. त्यांनी घसा खाकरला. "नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी, सकाळी नऊला, मुयस्सर-खानमच्या अंगणात हशर आहे. वेली पुरायच्या आहेत. सगळ्यांनी यायचं." मग एक श्वास घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी ते खोडलेलं वाक्य म्हटलं. "येताना कुदळी आणा! आणि जुने कपडे घाला!"

डफ वाजला. एरगाश-ओतांनी टोपी हवेत उडवली, ती मांडवावर अडकली. आणि त्या गलक्यात, नान-रोटीला टेकवून ठेवलेल्या आणि सगळे विसरून गेलेल्या फोनमधून सालोमतचा आवाज आला:

"अहो, परत एकदा म्हणा ना. नातू झोपला होता, त्याला ऐकू आलं नाही."